सातवी गरी

बेत आखण्यात जी गोडी असते, ती पुष्कळदा बेत पार पडण्यातही नसते. लग्नघरी मांडव पडण्याआधीच्या आठ दिवसांतली लगबग आठवून पाहा, किंवा नाताळचा गोठा उभारण्यासाठी पेंढा गोळा करीत हिंडणारी मुले आठवा. सण एका दिवसात येतो आणि जातो. त्याची वाट पाहण्याचे सुख मात्र महिनाभर पुरते. ख्रिस्तसभेने नाताळाआधी चार रविवारांचा आगमनकाळ ठेवला, त्यामागे मनुष्यस्वभावाची ही ओळखही असावी, असे आम्हांस वाटते.

आम्ही ज्या बेताविषयी लिहिणार आहोत तो मात्र इतका पवित्र नव्हे. सेमिनरीतल्या जुन्या मित्रांनी मिळून थंडीच्या दिवसांत एकदा नदीवर मासे धरायला जावे, एवढाच तो बेत. गेली दहा-बारा वर्षे तो दर डिसेंबरात जन्म घेतो आणि जानेवारीत निमूटपणे मरतो. एका वर्षी निघायच्या पहाटेच एकाच्या धर्मग्रामातून मयताचा निरोप आला. एका वर्षी दुसऱ्याच्या चर्चचे छप्पर दुरुस्तीला निघाले आणि ठेकेदार नेमका त्याच दिवशी उगवला. मधली दोन वर्षे करोनाच्या साथीने कुणालाच कुठे जाऊ दिले नाही. धर्मगुरूचा दिवस त्याचा स्वतःचा नसतो, हे आम्ही गुरुदीक्षेच्या वेळीच मान्य केले होते; त्यामुळे तक्रार नाही. पण यंदा आम्ही सहाही जणांनी मनाशी ठरवले की, पन्नाशी उलटून गेली, एकाच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली, आता 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणण्यात शहाणपण नाही.

आमची सर्वांची गुरुदीक्षा १९९७ सालची. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, वसई धर्मप्रांत वेगळा झाला. चौघे वसईकडे आलो, दोघे मुंबईत राहिले. एक सेमिनरीत शिकवतो. एक हिशेबाला इतका चोख की, धर्मग्रामाच्या वहीत चार आण्यांचा फरक आला तरी त्याला झोप येत नाही. एक काही वर्षे जर्मनीत राहून आलेला. तिकडे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकतात, हे तो दर हिवाळ्यात न चुकता सांगतो. एक गुडघेवाला. एक वयाने सर्वांत धाकटा. त्याने आम्हां सर्वांचा मोबाईलवर एक गट करून दिला आहे. आणि सहावे आम्ही.

नदीवर जायचे आणि तेही थंडीतच, याला कारण आहे. पावसाळ्यात आमच्या नद्या अंगावर येतात; तेव्हा काठावर उभे राहणेही धोक्याचे. उन्हाळ्यात त्या इतक्या आटतात की डोह सोडून पाणी शोधावे लागते. आणि नाताळ होईपर्यंत आम्हांला मान वर करायला सवड नसते. प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की नाताळकाळ संपतो. त्यानंतरचा मंगळवार तेवढा सोयीचा. रविवार तर आमच्या कामाचाच दिवस, शनिवारी त्याची तयारी. आणि शुक्रवारी मासे धरले तर लोक म्हणतील, फादरांनी उपवासाची चांगली सोय केली!

समुद्राकाठच्या आपल्या माणसांना थंडीची फारशी सवय नसते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून समुद्र रात्री किनाऱ्याला ऊब देत राहतो. पण वसईहून तासाभराच्या वाटेवर, वज्रेश्वरीच्या बाजूला गेले की चित्र पालटते. जमीन रात्रीतून निवून जाते, पहाटे पारा कधीकधी बारा-तेरा अंशांवर येतो आणि तानसा नदीच्या पाण्यावर धुक्याची शाल पसरलेली दिसते. जर्मनीहून आलेल्या मित्राला हे थंडीचे आकडे ऐकून हसू येते. पण स्वेटरही सर्वांत आधी तोच चढवतो.

तर गटावर बेत सुरू झाला. हिशेबनीसाने माणशी पाचशे रुपये वर्गणी जाहीर केली आणि त्याच दिवशी ती न भरणाऱ्यांची यादीही जाहीर केली. जर्मनीवाल्याने थर्मास, लोकरी मोजे आणि कानटोपी यांची यादी पाठवली. सेमिनरीतल्या प्राध्यापकांनी मासेमारी व प्रेषितकार्य या विषयावर चार पाने पाठवली, ती कुणी वाचली नाहीत. गुडघेवाल्याची एकच अट होती: बसायला खुर्ची हवी. निघायची वेळ पहाटे चारची ठरली, कारण मासा पहाटेच लागतो असे प्रत्येकाने कुठेतरी ऐकले होते. जागेवरून दोन तट पडले. काहींना वैतरणेची खाडी हवी होती, काहींना तानसेचे गोडे पाणी. आमिष म्हणून कणकेचा गोळा की गांडूळ, यावर तर इतका खल झाला की एखाद्या धर्मपरिषदेत व्हावा.

हे सारे वाचताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्हांला मनापासून हसू आले. 'माणसे धरणारे' या विषयावर आम्ही सहा जणांनी मिळून आजवर शेकडो प्रवचने केली असतील. पण आमच्यापैकी एकालाही तोंडात अडकलेली गरी सोडवून मासा हाती घेता येत नव्हता.

त्याच रात्री धाकट्याने गटावर एक ओळ लिहिली: "आपल्याला गळ टाकायला ज्याने शिकवले, त्याला विचारायचे का?"

ज्या गटावर साध्या विनोदाला दहा उत्तरे येतात, तिथे या ओळीला दोन दिवस उत्तर आले नाही.

तो आमचा सातवा मित्र. त्याचे नाव इथे लिहिणे बरे नव्हे. तो किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, होडीवर वाढलेला. सेमिनरीत आमच्याबरोबर आला तेव्हा त्याला लॅटिन शब्द उच्चारताना अडखळायला होई, आम्ही हसायचो. पण १९९३ च्या हिवाळी सुट्टीत तो आम्हांला तानसेकाठी घेऊन गेला आणि तिथे तो गुरू झाला, आम्ही शिष्य. त्याने बांबूच्या सात काठ्या तासल्या, त्यांना तंगूस बांधला, शिशाचे तुकडे दाताने दाबून बसवले, बाटलीच्या बुचाचे तरंगते केले. गरीला गांडूळ कसे ओवायचे ते दाखवले. आमची बडबड थांबेना तेव्हा म्हणाला, "चॅपेलमध्ये बसता तसे बसा. फक्त डोळे उघडे ठेवा." त्या दिवशी एक वाम आणि पाच-सहा लहान मासे मिळाले. लहानांतले बरेचसे त्याने परत पाण्यात सोडले. उरलेले हळद-मीठ लावून, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांवर भाजले. तशी चव पुन्हा कधी जिभेवर आली नाही.

२००३ साली त्याने धर्मगुरूपद सोडले. सोडण्याआधी तो दीड वर्ष झगडत होता, हे आम्हांला ठाऊक होते. त्याने रीतसर अर्ज केला, रोमहून अनुमती आली, पुढे त्याने चर्चमध्ये लग्न केले. काही लपवून ठेवले नाही, कुणाला फसवले नाही. पण वाडी-वस्तीतली तोंडे तुम्हांआम्हांला ठाऊक आहेत. ख्रिस्ती समाजात धर्मगुरू होणाऱ्या मुलाची जितकी मिरवणूक निघते, तितकीच त्याच्या परतीची कुजबूज होते. त्याच्या लग्नाचे निमंत्रण आम्हांला आले होते. आम्ही गेलो नाही. त्या दिवशी धर्मग्रामात सभा होती. ती सभा पुढे ढकलता आली असती.

पण याहून मोठी गोष्ट सांगायची राहिली आहे. बावीस वर्षे ती आम्ही कुणाला सांगितली नव्हती.

२००३ च्या डिसेंबरातली ती रात्र. नाताळची गाणी बसवण्यासाठी तरुण मुलेमुली चर्चच्या आवारात जमली होती. गारठा बराच होता, म्हणून कुणीतरी शेकोटी पेटवली. वडीलधारी मंडळीही हात शेकायला येऊन बसली. आम्ही त्यांच्यात जाऊन उभे राहिलो. बोलता बोलता त्याच्यावर विषय आला. एक वृद्ध गृहस्थ सहज म्हणाले, "फादर, तो तुमचाच दोस्त ना? एका ताटात जेवायचे तुम्ही." सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्ही त्या धर्मग्रामात नवे होतो. लोकांना आपल्याविषयी काय वाटेल, हा विचार क्षणात मनात चमकून गेला. आणि आम्ही म्हणालो, "वर्गात होता. तेवढीच ओळख."

विषय तिथेच संपला. कुणीतरी लाकूड पुढे सरकवले, ज्वाळा उंच झाली, आणि तिच्या उजेडात पलीकडे उभी असलेली त्याची थोरली बहीण आम्हांला दिसली. तिचे सासर त्याच धर्मग्रामात होते. कडेवर लहान मूल होते. ती काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत आली. आम्ही तिच्या हातावर ते ठेवले. तिने 'आमेन' म्हटले. आम्ही मान वर केली नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांच्या निखाऱ्यांचा उल्लेख दोनदा येतो. मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी जो शब्द वापरला आहे, तो सबंध नव्या करारात त्या दोनच जागी सापडतो. पहिली जागा अठराव्या अध्यायात: थंडी असल्यामुळे प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकरांनी निखारे पेटवले आहेत, पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकतो आहे आणि प्रभूशी आपली ओळख नाकारतो आहे. दुसरी जागा एकविसाव्या अध्यायात: रात्रभर मासेमारी करून थकलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित प्रभूने तिबिर्या सरोवराच्या काठी निखारे पेटवले आहेत, वर मासा आहे, जवळ भाकर आहे. सेमिनरीत आम्ही हे शिकलो, आणि पुनरुत्थानकाळात किती वेळा तरी वेदीवरून सांगितले. लोकांना ते आवडे. मिस्सा संपल्यावर कुणी ना कुणी येऊन म्हणे, "फादर, आज छान नवीन ऐकायला मिळाले." आम्हीही समाधानाने घरी जात असू. शेकोटीजवळचा तो पेत्र आपल्या ओळखीचा आहे, हे मात्र आम्ही स्वतःला ऐकू येऊ दिले नव्हते.

आता धाकट्याच्या त्या एका ओळीने आम्ही तो एकविसावा अध्याय पुन्हा उघडून बसलो. आणि लक्षात आले की, हीदेखील मित्रांनी मिळून केलेल्या मासेमारीच्या बेताचीच गोष्ट आहे. आणि जगात याहून छोटा बेत झाला नसेल. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो; बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. संपले! ना वर्गणी, ना कानटोपी. आणि कोण कोण गेले? नाकारणारा पेत्र. संशय घेणारा थोमा. नासरेथातून काही चांगले निघेल का, असे विचारणारा नथनेल. वरच्या जागा मागणारे जब्दीचे दोन पुत्र. आणि आणखी दोघे, ज्यांची नावेही योहानाने दिलेली नाहीत. एकूण सात. त्यांच्यात स्वच्छ कपड्यांचा म्हणावा असा फारसा कुणी नाही. पण कुणाला वगळावे, याची चर्चा त्या होडीत झाल्याचे कुठे लिहिलेले नाही.

ही घटना जिथे घडली असे परंपरा मानते, ती जागा आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेत पाहिली आहे. तिला ताबघा म्हणतात. सात झरे अशा अर्थाच्या ग्रीक नावाचा तो अपभ्रंश. काळ्या दगडाचे छोटे चर्च अगदी पाण्याला लागून आहे, आणि आत एक उघडा खडक आहे, त्यावर प्रभूने न्याहारी मांडली असे सांगतात. तिथल्या झऱ्यांचे पाणी ऊन आहे. गालील सरोवरातला मुश्त नावाचा मासा मूळचा उष्ण प्रदेशातला, त्याला थंडी सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात त्याचे थवे या उन्हाळ्यांच्या ओघाजवळ येऊन राहतात. आपल्या बाजारात ज्याला कोणी तिलापिया, कोणी चिलापी म्हणते, त्याच्याच कुळातला हा मासा. चिलापी आपल्या देशात आणली गेली १९५२ साली. तिचे आप्त मात्र पेत्राच्या जाळ्यात दोन हजार वर्षांपूर्वीच सापडत होते. थंडीत मासाही ऊब शोधतो. मग माणसाने ती शोधली तर नवल काय? प्रश्न एवढाच की, आपण कुठल्या शेकोटीपाशी उभे आहोत.

दोन दिवसांनी आम्ही गटावर लिहिले: "त्याला विचारायला आम्ही स्वतः जातो." पाचही जणांची उत्तरे तत्काळ आली. सगळेच जणू कुणीतरी बोलण्याची वाट पाहत होते.

फोनवर बोलणे सोपे होते. म्हणूनच केले नाही. मुंबईच्या उपनगरात तिसऱ्या मजल्यावर त्याचे घर आहे. तो शाळेत शिकवतो. दार त्याच्या मुलीने उघडले. पांढरा झगा पाहून ती क्षणभर थबकली, मग आत वळून म्हणाली, "पप्पा, कुणी फादर आले आहेत." तो बाहेर आला. केस पिकले होते, चष्मा लागला होता. "ये," म्हणाला. जणू काल भेटलो होतो.

पत्नीने चहा आणला, चार शब्द बोलून ती आत गेली. आमचे धैर्य होईना. म्हणून आम्ही खिशातून बेताचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. तो चष्मा सरसावून वाचू लागला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सेमिनरीतले ते जुने हसू आले.

"पहाटे चार? कुणी सांगितले तुम्हांला?" तो म्हणाला. "अरे, उन्हाळ्यात ठीक आहे. थंडीत मासा पहाटे तोंडसुद्धा उघडत नाही. त्याचे रक्त आपल्यासारखे ऊन नसते. पाणी गार तर तोही गार. मग त्याला भूक कमी लागते. तो खोल डोहात, संथ पाण्यात पडून राहतो. ऊन वर आले, काठचे पाणी जरा तापले की हलायला लागतो. नऊला पोचा. दहा ते तीन, हीच वेळ. आमिष लहान ठेवा. सुस्तावलेला मासा मोठ्या घासाला तोंड लावत नाही. आणि बुच जरासे थरथरले तरी लक्ष ठेवा. थंडीत तो ओढ घेत नाही, नुसता स्पर्श करतो."

"आणि खाडी?" आम्ही विचारले.

"खाडीवर जायचे तर आधी पाण्याची वेळ पाहायची. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. शिवाय खाडीवरचा वारा तुम्हां म्हाताऱ्यांना झेपायचा नाही. तानसाच बरी. धरणाच्या जवळपास जाऊ नका, पाणी कधी सोडतील नेम नसतो. आधी गावात विचारा. नदी आपली असली तरी काठ कुणाचा तरी असतो. आणि अकलोलीला ऊन पाण्याची कुंडे आहेत, त्या गुडघेवाल्याला परतताना तिथे बसवा." त्याने खिशातले पेन काढले आणि आमच्या कागदावर दुरुस्त्या करायला सुरुवात केली. वेळ खोडली. जागा लिहिली. 'काठ्या सहा' असे होते. तिथे पेन थांबले.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. वाचकहो, आम्ही लिहिताना 'आम्ही' म्हणतो. ती या जुन्या वळणाच्या लेखणीची सवय आहे. तिच्यात थोडे लपताही येते. पण पापनिवेदन करताना कुणालाच 'आम्ही' म्हणता येत नाही. त्या दिवशी आम्हांलाही म्हणता आले नाही. "मी त्या रात्री तुला नाकारले," एवढेच म्हटले, आणि शेकोटीची सारी हकीकत सांगितली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताईने मला त्याच आठवड्यात सांगितले होते."

म्हणजे बावीस वर्षे त्याला ते ठाऊक होते.

"लग्नात माझ्या बाजूच्या बाकावर घरच्यांशिवाय कुणी नव्हते," तो म्हणाला. "राग कधीच गेला. पण दुखते अजून. तू आलास म्हणून ते आज एकदम थांबेल, असे समजू नकोस."

आम्ही म्हणालो, "नाही समजत."

"आणि आधी ताईकडे जा," तो म्हणाला. "मला लोकांनी पुष्कळ काही म्हटले. पण तिने ते कानांनी ऐकले, आणि नंतरही दर रविवारी तुझ्याच हातून प्रभूला स्वीकारले."

निघताना त्याने तो कागद परत दिला. काठ्यांच्या पुढचा आकडा त्याने बदललेला नव्हता. जिन्यात आमची पावले जड झाली होती. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोच वरून त्याचा आवाज आला: "मंगळवारी मला शाळा असते. रजेचा अर्ज द्यावा लागेल. आणि बाजारातल्या त्या चकचकीत काठ्या घेऊ नका, बांबू मी आणतो!"

ताईकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. तिच्या कडेवरचे ते मूल आता नोकरीला लागले आहे. आम्ही ओसरीवर बसलो आणि जे सांगायचे ते सांगितले. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "फादर, तुम्ही तेव्हा तरुण होता." एवढेच. आम्ही तिच्या जागी असतो तर इतक्या थोड्या शब्दांत भागवले नसते. उठताना तिने सुकेळीचे एक पुडके हातात दिले. "नदीवर भूक लागते," ती म्हणाली. घरी येऊन उघडले तर त्यात मोजून सात सुकेळी होती. किती जण जाणार, हे आम्ही तिला सांगितले नव्हते; तिच्या भावाने सांगितले असणार.

उद्या मंगळवार. हे लिहीत असताना आमच्या व्हरांड्यात बांबूच्या सात काठ्या भिंतीला टेकवून उभ्या आहेत. संध्याकाळी तो स्वतः येऊन ठेवून गेला. तंगूस नवा आहे, शिसे दाताने दाबून बसवण्याची पद्धत जुनीच. ओल्या मातीत गांडुळे भरलेला डबा धाकट्याकडे आहे. कोळशाची पिशवी आमच्याकडे. हिशेबनीसाने सातव्याची वर्गणी घ्यायची की नाही, असे विचारले, तेव्हा बाकी पाचांनी एकाच वेळी 'घ्यायची' असे उत्तर दिले. पाहुण्याकडून वर्गणी घेत नाहीत, आपल्या माणसाकडून घेतात.

आमचा बेत म्हणजे अजून बेतच आहे. रात्रीतून कुणाच्या मयताचा निरोप आला तर जावे लागेल, आणि नदी पुढच्या मंगळवारी. मासे लागतील की नाही, हेही सांगता येत नाही. तिबिर्याच्या काठी प्रभूने आधी न्याहारी दिली, मग पेत्राला प्रेमाविषयी विचारले, तेही एकदा नव्हे, तीनदा. जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा. तेव्हा आम्हांलाही एका दिवसात सारे मिटेल, असा भरवसा नाही. निदान तीन हिवाळे तरी लागतील.

तुमच्याही घरी या दिवसांत काही ना काही बेत चालले असतील. कुठे बारसे असेल, कुठे लग्न, कुठे नुसतेच भावंडांनी एकत्र जेवायचे ठरले असेल. वर्गणी, वाहन, जेवण सारे कागदावर आले असेल. तो कागद एकदा दिव्याखाली धरून पाहा. सर्वांना ठाऊक असूनही कुणी उच्चारत नाही, असे एखादे नाव त्यावर लिहायचे राहिले आहे काय? राहिले असेल तर फोन करू नका. स्वतः जा.

असो. नऊला पोचायचे आहे, तेव्हा घाई नाही. सकाळची मिस्सा आटोपूनच निघू.